काकांच्या डी ड्राइव्हचं झाड

गेल्या खेपेला पासवर्डबद्दल लिहिलं होतं, त्यावर कोजागिरीच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांनी गाठून आपापली गाऱ्हाणी सांगितली. त्यातल्या दोघातिघांचा प्रश्न वेगळाच होता. "फोटो कॉम्प्युटरवर आहेत हे नक्की, पण नेमके कुठे ते सापडत नाही." तेव्हा मसाला दुधाचा पेला हातात होता, त्यामुळे ‘बघतो’ म्हणून सुटलो. दिवाळीत घरातच तो प्रश्न समोर आला. म्हणून यावेळी त्यावर.

आमचे मोठे काका यंदा मे महिन्यात गेले. भाऊबीजेला दांडिया बाजारातल्या घरी गेलो, तेव्हा चकली आणि मठियाची बशी पुढे ठेवत काकू म्हणाली, "अरे, यांचा तो कॉम्प्युटर एकदा साफ करून दे. चिनूला अभ्यासाला होईल." चिनू म्हणजे काकांची नात, सातवीत आहे. कॉम्प्युटर 2010 च्या आसपासचा, पण काकांनी तो जपून वापरलेला. कीबोर्डवर अजूनही प्लास्टिकचं आवरण होतं.

‘साफ कर’ म्हणजे फडक्याने पूस, की आतलं सगळं पुसून टाक, हे काकूला विचारायला हवं होतं. आमच्या धंद्यात साफ म्हणजे फॉरमॅट. मी डेस्कटॉप पाहिला, डॉक्युमेंट्स पाहिलं, पिक्चर्स पाहिलं. लाइट बिलं, इन्कम टॅक्सचे कागद, मंडळाची पत्रं आणि गणपतीचे फोटो निघाले, ते एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. काकांनी शेवटची बारा-पंधरा वर्षं आमच्या घराण्याची वंशावळ जमवण्यात घालवली होती. ती असेल म्हणून सर्चच्या चौकटीत ‘वंशावळ’ इंग्रजी अक्षरांत तीन-चार तऱ्हांनी लिहून पाहिलं, काही आलं नाही. म्हटलं, वह्यांमध्येच असेल सगळं. कपाटात वह्या होत्याच. विंडोज नव्याने टाकायचा पेनड्राइव्ह मी खिशातून काढलासुद्धा.

तिथे हाताच्या सवयीने वाचवलं. ऑफिसात सर्व्हरवरचं काहीही पुसण्याआधी आम्ही त्या जागेचा पूर्ण आराखडा एकदा डोळ्यांखालून घालतो. त्यासाठी जी कमांड वापरतो ती इतकी लहान आहे, की ती कुणाला शिकवावी असं कधी मनातही आलं नव्हतं. तिचं नाव ‘ट्री’, म्हणजे झाड.

फोल्डरची नेहमीची खिडकी आपल्याला एका वेळी एकच खोली दाखवते. आत शिरलात की मागची खोली दिसेनाशी होते. अशा दहा खोल्या फिरून आलात की पहिल्या खोलीत काय होतं ते आठवत नाही, आणि एखाद्या खोलीच्या कोपऱ्यातलं दार तुम्ही उघडलंच नाहीत हे तर कळतच नाही. जुन्या वाड्यात पाहुणा चुकतो तसं होतं. ट्री कमांड त्या वाड्याचा नकाशा काढून देते, सगळ्या मजल्यांचा, एका दमात.

करायचं असं. कीबोर्डवर विंडोजची खूण असलेलं बटण दाबून ठेवून आर दाबा. छोटी चौकट येईल, तिच्यात सी-एम-डी ही तीन अक्षरं इंग्रजीत लिहून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. पुष्कळांना तिची भीती वाटते, सिनेमातल्या हॅकरांमुळे असेल. डी ड्राइव्ह पाहायचा तर ‘डी’ आणि त्यापुढे अपूर्णविराम लिहून एंटर. मग टी-आर-ई-ई लिहून एंटर. बस. ही कमांड नुसतं बघते. ती काही पुसत नाही, हलवत नाही, बदलत नाही. त्यामुळे बिनधास्त वापरा, अगदी आजीआजोबांनीसुद्धा.

नुसतं ‘ट्री’ लिहिलंत तर फक्त फोल्डर दिसतात. फाइलींची नावंही हवी असतील तर पुढे एक जागा सोडून तिरकी रेघ आणि एफ द्यायचा, म्हणजे ‘ट्री /एफ’. तिरकी रेघ ती प्रश्नचिन्हाच्या बटणावरची बरं का, दुसरी उलटी झुकलेली नाही. या दोन रेघांनी जगाला छळलं आहे, आणि त्याचं कारण याच कमांडच्या जन्माशी जोडलेलं आहे.

1981 साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. फ्लॉपीवर 160 किलोबाइट मावायचे, फार तर 64 फाइली, सगळ्या एकाच ढिगात. तेवढ्याला कपाट कशाला? मग 1983 मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आजचा मोबाइलवरचा एखादा मोठा फोटो तेवढा असतो, पण तेव्हा ते गोदाम होतं, आणि गोदामात कप्पे लागतात. म्हणून डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरात फोल्डर ठेवायची सोय आली. आयबीएमच्या डॉसमध्ये तिच्याबरोबरच ट्री कमांडही आली. ही कल्पना युनिक्सवरून घेतलेली, आणि युनिक्समध्ये फोल्डरांची नावं जोडायला सरळ तिरकी रेघ वापरतात. डॉसमध्ये मात्र ती रेघ आधीच कमांडच्या सूचनांसाठी अडकलेली होती, म्हणून फोल्डरांसाठी उलटी रेघ घेतली. चाळीस वर्षं झाली, अजून आपण ती निस्तरतो आहोत.

तर काकांच्या डी ड्राइव्हवर मी ट्री मारलं. मला वाटलं पाच-सहा ओळी येतील. पडदा धावतच सुटला. थांबल्यावर वर सरकवून पाहिलं तेव्हा जे दिसलं त्याचा तुकडा इथे देतो. नावं काकांनी इंग्रजी अक्षरांत लिहिली होती, मी देवनागरीत करतो:

+---दिवाळी बॅकअप 2016
|   +---दिवाळी बॅकअप 2015
|   |   +---दिवाळी बॅकअप 2014
|   |   |   +---दिवाळी बॅकअप 2013
|   |   |   |   +---कुळ
|   |   |   |   |   +---त्र्यंबक
|   |   |   |   |   +---नाशिक
|   |   |   |   |   \---माहेरवाशिणी
|   |   |   +---मंडळ
|   |   +---मंडळ

काका दर दिवाळीला, घराची साफसफाई झाल्यावर, कॉम्प्युटरचा बॅकअप घेत. शिस्तीचा माणूस. पण ते डी ड्राइव्हवरचं सगळं उचलून त्याच ड्राइव्हवरच्या नव्या फोल्डरात उतरवत, आणि त्या ‘सगळ्यात’ मागच्या वर्षीचा बॅकअपही असे. म्हणजे दरवर्षी पेटीत पेटी. तीन वर्षांत एकच फोटो आठ ठिकाणी. डिस्क भरली, की वरवरचे जुने फोल्डर ते पुसून टाकत, ‘आत आहेतच’ म्हणून. असं करता करता वंशावळीचा मूळ फोल्डर वरून गेला आणि चार पेट्यांच्या आत तेवढा उरला. त्याचं नाव ‘कुळ’. मी शोधत होतो ‘वंशावळ’. सर्चला तुम्ही जे नाव सांगाल तेच तो शोधतो. माणसाने काय नाव दिलं होतं हे ठाऊक नसेल तर त्याचा काय उपयोग?

(बॅकअप त्याच डिस्कवर घेणं म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच खुंटीला टांगणं. पण त्यावर पुन्हा कधीतरी.)

मी काकूला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, पडद्याकडे पाहून म्हणाली, "हे मला काही दिसत नाही बाबा. छापून दे." मला हसू आलं, पण म्हणणं बरोबर होतं. छापायचं तर आधी ते फाइलीत उतरवायला लागतं. कमांडच्या शेवटी ‘पेक्षा मोठे’ची खूण, गणितात असते ती, आणि पुढे फाइलीचं नाव दिलं की पडद्यावर येणारं सगळं त्या फाइलीत जातं. जपायचं एवढंच की त्या नावाची फाइल आधीच असेल तर जुनी जाऊन नवी येते, म्हणून नाव नवं द्या. आणि डिस्क जुनी, कुरकुरणारी असेल तर ही फाइल तिच्यावर न करता पेनड्राइव्हवर करा.

पहिल्यांदा छापलं तेव्हा फांद्यांच्या रेघांच्या जागी चमत्कारिक अक्षरं आली, कारण त्या रेघा जुन्या डॉसच्या लिपीतल्या असतात आणि नोटपॅडला त्या कळत नाहीत. त्यावर उपाय आहे: ‘ट्री /एफ /ए’. या ए-मुळे फांद्या साध्या अधिक-वजा चिन्हांनी काढल्या जातात, वर दिल्या आहेत तशा.

दुसरी अडचण आपल्या लोकांची खास. काकांनी शेवटच्या एक-दोन वर्षांत काही नावं मराठीत, देवनागरीत लिहायला सुरुवात केली होती. ती यादीत नुसती प्रश्नचिन्हं होऊन आली. ट्री तिथे हात टेकते. मग तिची बहीण वापरायची, ‘डीआयआर’. सी-एम-डी, तिरकी रेघ यू, तिरकी रेघ सी, आणि पुढे ‘डीआयआर /एस /बी’, मग ‘पेक्षा मोठे’ आणि फाइलीचं नाव, असं सगळं एका ओळीत लिहायचं. यातला एस आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरतो, बी फक्त नावं देतो, आणि यू मुळे फाइल युनिकोडमध्ये लिहिली जाते. मराठी नावं शाबूत राहतात. झाडाचं चित्र मिळत नाही, प्रत्येक ओळीत पूर्ण पत्ता येतो, पण छापायला चालतं.

एकोणीस पानं झाली. काकू ती घेऊन झोपाळ्यावर बसली, चष्मा लावून, हातात चिनूची पेन्सिल. मी समजत होतो की दोन पानांनंतर कंटाळेल. ती दीड तास वाचत होती. कॉम्प्युटरला तिने आयुष्यात हात लावलेला नाही, पण एकेका ओळीवर थांबून ती मला सांगत होती. "हे नाशिक म्हणजे आम्ही उपाध्यांकडे गेलो होतो ते. त्यांच्या वहीत तुझ्या पणजोबांची सही निघाली, तिचे फोटो असतील बघ." नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात, कोण कधी येऊन गेलं, बरोबर कोण होतं, हे त्यात लिहिलेलं असतं. फोल्डर उघडला, 43 फोटो. मोडीतली पानं, त्याखाली काकांनी स्वतः वाचून टिपलेला मजकूर. फाइलींची नावं नुसती कॅमेऱ्याने दिलेली आकडेवारी होती. काकू नसती तर मी ते कुणाच्या तरी वहीचे फोटो म्हणून सोडले असते.

आपल्या शहराच्या नावाचे तीन वेगळे फोल्डर निघाले: ‘बडोदे’, ‘बरोडा’ आणि ‘वडोदरा’. मला वाटलं एकाचीच तीन रूपं, दोन उडवता येतील. काकू म्हणाली, "थांब. बडोदे म्हणजे सयाजीरावांच्या वेळचं, तुझे पणजोबा नोकरीला आले ते. बरोडा म्हणजे तुझ्या आजोबांचं, आणि वडोदरा आपलं." उघडून पाहिलं तर खरंच तसं होतं. काकांनी काळ असा लावला होता आणि कुठे लिहून ठेवला नव्हता.

मग काकू ‘माहेरवाशिणी’वर आली आणि पेन्सिल थांबली. छापलेल्या कुळवृत्तांतात मुलींना फार तर एक ओळ मिळते, अमक्या गावी दिली म्हणून. काकांना ते डाचायचं. त्यांनी घरातल्या लेकींची वेगळी शाखा करायला घेतली होती, त्यांची मुलं-नातवंडं धरून. माझ्या आजीने त्यासाठी त्यांना एका बैठकीत सगळ्या नणंदा, आत्तेसासवा, त्यांची सासरची नावं सांगितली होती. "तो आवाज यात नाही," काकू म्हणाली.

मी फोल्डर पाहिला. टाइप केलेली यादी होती, अर्धवट, सहाव्या नावावर थांबलेली. आवाज नव्हता. म्हटलं, राहून गेला असेल भरायचा. "राहील कसा? सासूबाई गेल्यावर यांनी मला इथे, या झोपाळ्यावर बसून ऐकवला. मोबाइलवर भरला होता, मग त्या छोट्या काडीत घातला."

काडी म्हणजे पेनड्राइव्ह. टेबलाच्या खणात रबर बँड लावलेले चार निघाले. तीन रिकामे किंवा बिघडलेले. चौथा लावला तर खिडकीत फोल्डरांची चित्रं दिसली, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात शॉर्टकटचा छोटा बाण. हा प्रकार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी झेरॉक्सच्या दुकानातून परत आल्यावर पाहिला असेल. तो व्हायरस असतो. खरे फोल्डर तो लपवतो आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट पुढे उभे करतो. त्यांवर क्लिक केलं की तोच चालू होतो. त्यामुळे तिथे क्लिक करायचं नाही, हे आधी.

मी ट्री मारलं. उत्तर आलं की आत एकही फोल्डर नाही. पण ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये तीन जीबी भरलेले दिसत होते. तीन जीबी हवेने तर भरत नाहीत. इथे कळलं ते तुम्हालाही सांगतो: विंडोजची ट्री लपवलेले फोल्डर दाखवत नाही. माझा सगळा भरवसा त्या एकोणीस पानांवर होता, आणि त्यात लपलेलं काहीच येणार नव्हतं, हे मला, या धंद्यातल्या माणसाला, तोवर सुचलं नव्हतं. लपवलेलं पाहायचं तर ‘डीआयआर /ए’. ते लिहिल्यावर पाच फोल्डर निमूटपणे समोर आले.

त्यांचा लपवल्याचा शिक्का काढायला ‘अ‍ॅट्रिब’ नावाची कमांड आहे. ए-टी-टी-आर-आय-बी, पुढे वजा एच, वजा एस, वजा आर, मग तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी. पेनड्राइव्हवर उभं राहून, म्हणजे काळ्या खिडकीत त्याचं अक्षर आणि अपूर्णविराम लिहून तिथे गेल्यावर, ही ओळ दिली की फोल्डर परत दिसू लागतात. सी ड्राइव्हवर ही कमांड चालवू नका, तिथे विंडोजने स्वतःचं सामान लपवून ठेवलेलं असतं, ते तसंच राहू द्यावं. त्यानंतर अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासून घेतला, शॉर्टकट पुसले, मग फोल्डर उघडले.

फाइल एएमआर प्रकारची होती, जुन्या नोकियात आवाज भरला की व्हायची ती. नेहमीच्या प्लेअरने नाही म्हटलं, व्हीएलसीने वाजवली. सुरुवातीला कुकरची शिट्टी, मग आजीचा आवाज, "लागलं का ते? बोलू?" मग काकांचा, "बोल आई." आजीने अठ्ठावीस नावं सांगितली. टाइप केलेल्या यादीत सहा होती. मधे एका नणंदेचं नाव घेऊन ती थांबते, पुन्हा पहिल्यापासून मोजते, आणि ती तिसरी नव्हे चौथी असं दुरुस्त करते. चिनू स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली, तिने पणजीचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. काकू मधे काही बोलली नाही, फक्त एका नावाला म्हणाली, "या गेल्या. इंदूरला होत्या."

ज्यांच्याकडे मॅक किंवा लिनक्स आहे त्यांच्यासाठी पटकन: तिथेही ट्री मिळते, पण बहुधा वेगळी घालून घ्यावी लागते. उबुंटूवर ‘सूडो एपीटी इन्स्टॉल ट्री’, मॅकवर होमब्रू असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल ट्री’. ती विंडोजच्या ट्रीहून हुशार आहे. वजा एल आणि 2 दिलंत तर दोनच पातळ्या दाखवते, वजा एच दिलंत तर प्रत्येक फाइल केवढी तेही सांगते. तिच्यातही टिंबाने सुरू होणारी नावं लपलेली असतात, ती वजा ए दिल्यावर येतात. म्हणजे तिलाही एकदा विचारावंच लागतं, की बाई, आणखी काही आहे का?

कॉम्प्युटर अजून फॉरमॅट केलेला नाही. दोन हार्ड डिस्कवर सगळं उतरवलं, एक माझ्याकडे, एक काकूच्या कपाटात. चार पेट्यांतलं डुप्लिकेट मी तूर्त तसंच ठेवलं आहे, कारण 2014 आणि 2016 च्या ‘मंडळ’ फोल्डरांत दिसायला तेच असलं तरी फाइली सारख्या नाहीत, ते एकेक ताडून बघायला लागेल. बावीस नावं टाइप करायचं काम चिनूने घेतलं आहे, रविवारी दोन-दोन करते. पानांचा गठ्ठा काकूने लाइट बिलांच्या फाइलीत लावला. समासात पेन्सिलीने तिची टिपणं आहेत, कोण कुणाची कोण, आणि काही ठिकाणी नुसतं ‘यांना विचारायला हवं होतं’. निघताना जिन्यापर्यंत येऊन म्हणाली, "पुढच्या वेळी छापशील तेव्हा अक्षर जरा मोठं ठेव. आणि एका बाजूनेच छाप, मागे लिहायला जागा लागते."